शेक आणि प्रतिकारशक्ती : हट्टी कर्करोगावरील जोड-उपचाराचा एक अभ्यास

कर्करोग झाला म्हणजे माणूस संपला, असे मानणारी पिढी आपल्या वस्त्यांतून अजून आहे. त्याच वस्त्यांतून आता दुसरीही एक समजूत पसरत चालली आहे. मुंबईत नवे इंजेक्शन आले आहे, ते शेकाबरोबर घेतले की शेवटच्या टप्प्यातला रोगही पळतो, असे कोणीतरी सांगते आणि घरातील मंडळी सोने मोडायला निघतात. पहिली समजूत माणसाला उपचाराविना मारते, दुसरी कुटुंबाला कर्जात बुडवते. या दोहोंच्या मध्ये खरे काय आहे ते सामान्य वाचकाला कळावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. मी डॉक्टर नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा जे वाचून समजले तेवढेच, आणि ज्या भाषेत समजले त्याच भाषेत मांडतो.

विषय असा आहे. शरीरात पसरलेल्या आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या कर्करोगावर किरणोपचार आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध ही दोन्ही एकत्र दिली, तर एकेकट्या उपचाराने जे साधत नाही ते साधेल काय?

दोन जुने प्रतिस्पर्धी

किरणोपचाराला आपल्याकडे 'शेक' म्हणतात, कोणी 'करंट' म्हणतात, कोणी 'लाईट'. प्रत्यक्षात त्यात विजेचा झटका नसतो आणि निखाऱ्याची ऊबही नसते. जर्मन शास्त्रज्ञ रंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि थोड्याच काळात डॉक्टर ते कर्करोगाच्या गाठींवर वापरून पाहू लागले. हे किरण पेशीच्या केंद्रातील डीएनएचे धागे तोडतात. तुटके धागे घेऊन पेशी दुभंगायला गेली की मरते. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. नेहमीच्या पद्धतीत रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे शेक चालतो. या उपचाराची मर्यादा उघड आहे. किरण जेथे पडतात तेथेच काम करतात. रोग फुप्फुसात, यकृतात, हाडांत असा विखुरला असेल तर सगळे शरीर काही शेकता येत नाही.

दुसरा उपचार प्रतिकारशक्तीचा. ही कल्पना नवी वाटते, पण ती जवळजवळ तेवढीच जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे तरुण शल्यचिकित्सक होते. १८९१ मध्ये त्यांची सतरा वर्षांची एक रुग्ण हाडाच्या कर्करोगाने दगावली. त्या दुःखात त्यांनी रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळली, तेव्हा त्यांना एक विलक्षण नोंद सापडली. मानेवर कर्करोगाची गाठ असलेल्या एका माणसाला विसर्प नावाचा त्वचेचा जंतुसंसर्ग झाला, सडकून ताप आला, आणि ताप उतरला तशी गाठही विरली. कोलींनी त्या माणसाला शहरात शोधून काढले. तो बरा होता. त्याच वर्षी कोलींनी दुसऱ्या एका रुग्णाच्या गाठीत मुद्दाम जिवंत जंतू टोचले. तो रुग्ण मरता मरता वाचला. गाठ मात्र वितळली आणि त्यानंतर तो कित्येक वर्षे जगला. पुढे कोली मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरू लागले.

परंतु कोलींचे फळ भरवशाचे नव्हते. कधी गुण येई, कधी येत नसे, आणि का येतो हे त्यांना सांगता येत नव्हते. ते काम करीत त्या मेमोरियल रुग्णालयात मग रेडियम आले. तेथील मोठे विकृतितज्ज्ञ जेम्स युइंग किरणोपचाराचे कट्टर पुरस्कर्ते आणि कोलींचे तेवढेच कट्टर विरोधक होते. किरणांचे मोजमाप होई, त्यांचा परिणाम दिसे. साहजिकच किरणांनी बाजी मारली आणि १९३६ मध्ये कोली वारले तेव्हा त्यांची पद्धत मागे पडली होती. ज्या दोन उपचारांची आज जोडी लावण्याचा खटाटोप चालला आहे, ते एकाच इमारतीत एकमेकांचे वैरी होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

दूरची गाठ का विरते?

१९५३ मध्ये आर. एच. मोल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक नवा शब्द तयार केला, 'ॲबस्कोपल'. त्याचा अर्थ नेमापासून दूर. किरण एका ठिकाणी दिले असता शरीरात दुसऱ्याच ठिकाणी जो परिणाम दिसतो, त्याला त्यांनी हे नाव दिले. डॉक्टरांना असे रुग्ण क्वचित भेटत. शेक दिला पाठीच्या गाठीला आणि लहान झाली फुप्फुसातली गाठ. असे रुग्ण इतके थोडे की पुष्कळांनी तो योगायोग मानला.

याचा उलगडा होण्यासाठी आधी प्रतिकारशक्तीचे कोडे सुटावे लागले. आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. परक्या जंतूला किंवा बिघडलेल्या पेशीला ओळखून त्या मारतात. हा पहारेकरी बेफाम होऊन घरच्यांनाच मारू लागला तर अनर्थ होईल, म्हणून निसर्गाने त्याला लगाम घातले आहेत. अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांनी 'सीटीएलए-४' नावाच्या लगामावर काम केले. ॲलिसन लहान असताना त्यांची आई लिम्फोमा या कर्करोगाने गेली होती. जपानमधील क्योटो विद्यापीठाचे तासुकु होंजो यांनी १९९२ मध्ये 'पीडी-१' हा दुसरा लगाम शोधला. कर्करोगाच्या पेशी लबाड असतात. हाच लगाम खेचून त्या पहारेकऱ्याला जागीच थोपवतात. औषधाने हा लगाम सैल केला की पहारेकरी पुन्हा कामाला लागतो. इपिलिमुमॅब हे असे पहिले औषध अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ मध्ये. ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध स्वतः कर्करोगाला मारत नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. केमोथेरपी आणि ही इंजेक्शने यांत मूलभूत फरक आहे तो हाच.

आता अडचण अशी की लगाम सैल करूनही पुष्कळ रुग्णांना गुण येत नाही. पहारेकरी मोकळा आहे, पण चोराला ओळखत नाही. काही गाठींत तर टी-पेशी शिरतच नाहीत. डॉक्टर अशा गाठींना 'थंड' गाठी म्हणतात. येथे किरणांचा दुसरा उपयोग पुढे आला. किरणांनी पेशी फुटते तेव्हा तिच्यातील ओळखीच्या खुणा बाहेर सांडतात. तुटलेल्या डीएनएचे तुकडे पेशीत भलत्या जागी पोहोचतात आणि विषाणू शिरल्यासारखी धोक्याची घंटा वाजते. त्यातून इंटरफेरॉन नावाचे द्रव्य पाझरते आणि टी-पेशींना बोलावणे जाते. उरलेल्या कर्कपेशींच्या पृष्ठभागावरही ओळखीच्या खुणा अधिक ठळक होतात. थोडक्यात, किरणांनी मारलेली गाठ ही शिकवणीची पाटी होते. त्या पाटीवर शिकलेल्या टी-पेशी रक्तातून फिरत दुसऱ्या गाठींपर्यंत जातात.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. न्यूयॉर्कच्या सँड्रा डेमारिया, सिल्व्हिया फॉर्मेंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या दोन बाजूंना दोन गाठी, त्यांपैकी एकीलाच किरण आणि जोडीला प्रतिकारशक्तीला मदत करणारे द्रव्य. दुसरी गाठही आटोक्यात आली. मग ज्या उंदरांत टी-पेशीच नाहीत त्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा दूरच्या गाठीवर काहीही परिणाम झाला नाही. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या वाचकाला या प्रयोगाची मांडणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आणि २०१२ मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्वचेचा मेलानोमा हा कर्करोग पसरलेली ही स्त्री इपिलिमुमॅब घेत होती, तरी रोग हळूहळू वाढत होता. पाठीच्या कण्याजवळच्या गाठीमुळे वेदना होत, म्हणून डिसेंबर २०१० मध्ये त्या एका गाठीला तीन बैठकांत मिळून २८.५ ग्रे किरण दिले. काही महिन्यांनी पाहिले तर ती गाठ आणि तिच्याबरोबर छातीतील व प्लीहेतील गाठीही लहान झाल्या होत्या. ही हकीकत कोठली? मेमोरियल रुग्णालयाचीच. कोली आणि युइंग यांचे भांडण जेथे झाले, तेथलीच.

एक हकीकत म्हणजे पुरावा नव्हे

या हकीकतीने जगभरच्या डॉक्टरांत उत्साह संचारला आणि वर्तमानपत्रांतूनही ती गाजली. परंतु येथेच आपण थबकले पाहिजे. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नये. स्वतः पारखून घ्यावी. हा उपदेश आपण देव, नवस आणि अंगात येणे यांना बरोबर लावतो. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला मात्र लावत नाही. वैद्यकशास्त्र स्वतःला तो लावते, आणि त्याचे नाव यादृच्छिक चाचणी. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला नवा उपचार आणि दुसऱ्याला जुना, आणि मग मोजायचे.

मोजल्यावर काय दिसले? फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगात नेदरलँड्स आणि अमेरिकेतील दोन चाचण्यांचे मिळून १४८ रुग्ण तपासले गेले. केवळ पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांपैकी १९.७ टक्के रुग्णांत किरण न दिलेल्या गाठी लहान झाल्या. जोड-उपचार घेणाऱ्यांत ४१.७ टक्के. आयुष्याचा मध्यांकही ८.७ महिन्यांवरून १९.२ महिन्यांवर गेला. हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. परंतु त्या दोन चाचण्या वेगवेगळ्या पाहिल्या तर एकीतही ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नव्हते. डोके व मान यांच्या पसरलेल्या कर्करोगावरील ६२ रुग्णांच्या चाचणीत निव्होलुमॅबला किरणांची जोड दिली, तर दूरच्या गाठींना त्याचा काहीच फायदा दिसला नाही.

मग ज्यांचा रोग या नव्या औषधांनाही निर्ढावला आहे, त्यांचे काय? आपल्या विषयाच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. फुप्फुसाच्या अशा रुग्णांवरील एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सव्वीस-सव्वीस रुग्णांचे तीन गट. एकाला लगाम सैल करणारी दोन औषधे, दुसऱ्याला तीच औषधे आणि अल्प मात्रेचे किरण, तिसऱ्याला तीच औषधे आणि मोठ्या मात्रेचे किरण. गुण आला अनुक्रमे तीन, दोन आणि तीन रुग्णांना. किरणांनी काही भर घातली नाही आणि नवे रुग्ण घेणे मध्येच थांबवण्यात आले. हा आकडा निराश करणारा आहे, पण जो कोणी 'शेवटच्या टप्प्यावर रामबाण' म्हणून ही जोडी विकतो, त्याच्यापुढे तो ठेवला पाहिजे.

याच जोडीने दुसरीकडे खरे यशही मिळवले आहे. फुप्फुसाचा तिसऱ्या टप्प्यातील, शस्त्रक्रियेच्या पलीकडचा पण अजून छातीतच असलेला कर्करोग घ्या. आधी केमो व शेक एकत्र, आणि ते संपल्यावर वर्षभर दुर्व्हालुमॅबची इंजेक्शने, असा क्रम ७१३ रुग्णांच्या चाचणीत तपासला गेला. पाच वर्षांनी ४२.९ टक्के रुग्ण हयात होते. इंजेक्शन न मिळालेल्या गटात ३३.४ टक्के. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, ज्याने आपल्याकडच्या कितीतरी आया-बहिणी गेल्या, केमो व शेकाबरोबरच पेम्ब्रोलिझुमॅब दिले असता तीन वर्षांनी ८२.६ टक्के स्त्रिया हयात होत्या, त्याशिवाय ७४.८ टक्के. हजाराहून अधिक स्त्रियांवरील या चाचणीचे आकडे २०२४ चे आहेत. दोन्ही ठिकाणी रोग वाढलेला होता, परंतु शरीरभर विखुरलेला नव्हता आणि औषधांना निर्ढावलेलाही नव्हता.

यावरून रोग एका भागात असेल तर जोडी चालते, असा नियम बांधावा, तर तोही टिकत नाही. डोके व मान यांच्या त्याच अवस्थेतील कर्करोगात शेकाबरोबर ॲव्हेलुमॅब देण्याची ६९७ रुग्णांची मोठी चाचणी फसली. तज्ज्ञ याची एक कारणमीमांसा देतात. टी-पेशी स्वतः किरणांनी सहज मरतात आणि मानेच्या शेकात त्यांच्या लसिकाग्रंथी, म्हणजे जणू त्यांची शाळाच, किरणांखाली येते. एका हाताने शिकवायचे आणि दुसऱ्या हाताने विद्यार्थी मारायचे, असा प्रकार. मात्रेचाही प्रश्न आहे. एका बैठकीत फार मोठी मात्रा दिली तर पेशीतील एक रसायन डीएनएचे ते सांडलेले तुकडे खाऊन टाकते आणि धोक्याची घंटा वाजतच नाही, असे प्रयोगशाळेत २०१७ मध्ये दाखवले गेले. म्हणून अनेक संशोधक ८ ग्रेच्या तीन बैठकांकडे वळले. किती ग्रे, कोणत्या गाठीला, इंजेक्शनाच्या आधी की नंतर, यांवर अजून एकमत नाही.

पैशाचा आणि प्रश्नांचा भाग

मुदत ठेव वेळेआधी मोडायला येणाऱ्या खातेदाराला कारण विचारण्याचा बँकेत प्रघात नाही, पण लोक आपणहून सांगतात. एका निवृत्त एस. टी. वाहकाचा मुलगा वडिलांच्या फंडाची पावती मोडायला आला होता. हातात एका खासगी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक. पाच बैठका शेक आणि सहा इंजेक्शने. यातून काय साधेल म्हणून विचारले, तर म्हणाला, "साहेब, ते बोलले, चान्स आहे." शंभरात किती, हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि विचारायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते. पावती मोडून दिली. तो त्याचा हक्कच होता.

म्हणून काही प्रश्न प्रत्येक कुटुंबाने डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावेत. हा उपचार आमच्या रुग्णाच्या कर्करोगात, याच टप्प्यात सिद्ध झालेला आहे की प्रयोग म्हणून देत आहात? गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ सारखी चाचणी केली काय आणि तिचा निष्कर्ष काय? शेक कशासाठी आहे, वेदना कमी करण्यासाठी, रोग आटोक्यात ठेवण्यासाठी, की दूरची गाठ विरेल या आशेने? प्रयोग असेल तर भारतात १५ जून २००९ पासून अशा चाचणीची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद करणे सक्तीचे आहे. तो नोंदणी क्रमांक मागावा. रुग्णाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, संमतीपत्र मिळणे हाही त्याचा हक्क आहे.

दुष्परिणामही विचारावेत. लगाम सुटलेला पहारेकरी कधी फुप्फुसाला, आतड्याला, यकृताला, थायरॉइडला इजा करतो. फुप्फुसाला शेक झालेल्या माणसाला या औषधावर असताना नवा खोकला किंवा दम लागू लागला, किंवा कोणालाही सारखे जुलाब होऊ लागले, तर घरगुती काढे करीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. इंजेक्शन बंद झाल्यावर काही महिन्यांनीही हे होऊ शकते.

खर्चाच्या बाबतीत एक आशेची गोष्ट आपल्या मुंबईतच घडली आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांची चाचणी घेतली. तंबाखूने होणारे तोंडाचे कर्करोग यातच येतात. निव्होलुमॅब नेहमी दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम देतात. येथे तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने. एक वर्षानंतर ४३.४ टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के. या चाचणीत शेकाची जोड नव्हती, हे खरे. पण परदेशात ठरलेली मात्रा म्हणजे अंतिम सत्य नव्हे, हे आपल्याच डॉक्टरांनी मोजून दाखवले, याचा मला अभिमान वाटतो. केंद्र सरकारने २०२४ च्या जुलैमधील अंदाजपत्रकात कर्करोगाच्या तीन औषधांवरील सीमाशुल्क माफ केले, त्यांत वर उल्लेखलेले दुर्व्हालुमॅब आहे. तरीही ते सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आलेले नाही. तेव्हा खासगी अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी टाटासारख्या सार्वजनिक रुग्णालयात एकदा दुसरे मत घ्यावे आणि तेथील समाजसेवा विभागाला भेटावे. आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रुग्णाबरोबर जाऊन ही दोन कामे केली, तरी पुष्कळ घरे वाचतील. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः अंघोळ घातली, ही विनयपिटकातील कथा आपण सांगतो. दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे त्या मानाने सोपे आहे.

शेवटी शेकाविषयी एक गोष्ट, जी या सगळ्या नव्या संशोधनात झाकून जाते. कर्करोग हाडांत उतरला की वेदना असह्य होतात. अशा हाडाला ८ ग्रेची एकच बैठक दिली तर दहापैकी सुमारे सहा रुग्णांच्या वेदना कमी होतात, आणि हे कितीतरी चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. त्यासाठी महागडे इंजेक्शन लागत नाही. जुन्या कोबाल्टच्या यंत्रावरही हा शेक देता येतो. दूरची गाठ विरो वा न विरो, त्या रात्री रुग्णाला झोप लागण्याची शक्यता कशात आहे, हेही डॉक्टरांना विचारावे.